एक जूनचा मंगळ

१२ एप्रिल २००४

कंटाळा आला! आज संगणक शिकायला एकही जण आला नाही. इंटरनेटला दोन पोरं आली, ती क्रिकेटचा स्कोअर बघून गेली. पत्रिका मात्र सात छापल्या. हिंगोलीकडच्या या गोरेगावात जीप स्टँडसमोर हे दुकान टाकलं तेव्हा पाटीवर 'संगणक शिक्षण व इंटरनेट' एवढंच होतं. लोकांनी विचारून विचारून 'कॉम्प्युटर पत्रिका मिळेल' ही ओळ लिहायला लावली. मग नांदेडहून सीडी आणली. तारीख, वेळ, गाव टाकायचं, की पाच पानं बाहेर! मी मकबूल मिस्त्रींची मुलगी, फिजिक्सची बीएस्सी, आणि बसलेय हिंदूंचे ग्रह जुळवत. अब्बा मागच्या खोलीत रेडिओ-टीव्ही दुरुस्त करतात. तिथूनच ओरडतात, "शाहिस्ता, आज शनि किधर बैठा है?" मी म्हणते, तुमच्या पिक्चर ट्यूबमध्ये.

गावच्या ज्योतिषाशी, जोशीबुवांशी घासाघीस करणारी माणसं मशीनसमोर हात जोडून उभी राहतात. "काम्पुटर खोटं बोलत न्हाई." अरे बाबांनो, मी टाइप करते तेच तो बोलतो!

२० एप्रिल

आज दोन शिष्टमंडळं. सकाळी मशिदीतले दोन बुजुर्ग अब्बांकडे आले — बच्चियों को इंटरनेट पे मत बिठाओ, जमाना खराब है. दुपारी चौकातल्या मंडळाची पोरं — "मॅडम, आपल्या गावच्या पोरी बिघडून राहिल्या, जरा ध्यान द्या." दोघांचं एकमत झालेलं या गावात पहिल्यांदाच पाहिलं. दोघांनाही चहा पाजला. मुलगे इंटरनेटवर काय बघतात याची चौकशी कोणीच केली नाही. मला माहीत आहे, पण लिहवत नाही.

२१ एप्रिल

दिवसभर लोडशेडिंग. इन्व्हर्टरनेही मान टाकली. झोपून राहिले.

२ मे

मंगळावर सध्या माणसाने पाठवलेली गाडी फिरतेय. तिचा एक फोटो उतरवायला अर्धा तास लागला, लाइन दोनदा तुटली. अब्बांना दाखवला. चष्मा कपाळावर सरकवून बघितलं आणि म्हणाले, "ये तो साखऱ्याचा माळ है!" खरंच तसाच दिसतो. दगड आणि धूळ. आणि या दगडधुळीला घाबरून इकडे लग्नं मोडतात.

९ जून

पुजा बारावी पास झाली! पुजा राठोड, मागच्या वर्षी माझ्याकडे कोर्स केलेली, तांड्यावरून पायी येते. नांदेडच्या एका नर्सिंग कॉलेजची माहिती तिने स्वतःच शोधून काढली. कॉलेज चांगलं आहे का, म्हणून मला विचारत होती. मी माझं नेहमीचं कीर्तन लावलं — कोणाचं ऐकू नकोस, माझंही नको. समोर इंटरनेट आहे. स्वतः शोध, स्वतः वाच, मग ठरव. तिने मान डोलावली. पुजा मान डोलावते तेव्हा तिने खरंच ऐकलेलं असतं. अशी एक पोरगी मिळाली तरी दुकान टाकल्याचं सार्थक झालं.

१४ जून

पुजाचे आईवडील आले, अमरसिंग आणि मिराबाई. हट्ट्याकडचं स्थळ आलंय. मुलगा आश्रमशाळेत मास्तर, म्हणून स्वतःची पत्रिका पाठवून हिची मागतोय! यांच्या तांड्यात आजवर सोयरीक जमवताना कूळ विचारत, माणसं बघत. पत्रिका कोणी पाहिली नव्हती. आता अंधश्रद्धाही शिकलेल्यांकडून यायला लागली. आणि छापून देणारी मी.

"जन्मतारीख?" मी विचारलं.

"एक जून," अमरसिंग म्हणाले.

अर्थात! निम्मं गोरेगाव एक जूनला जन्मलेलं आहे. शाळेत नाव घालताना गुरुजी तारीख विचारतात, आईबाप सांगतात 'तो मोठा पूर आला तवा झाली', आणि गुरुजी एक जून लिहून मोकळे होतात. माझीही तीच.

मिराबाई मध्येच म्हणाल्या, "आवं, ती तर तूर सोंगायच्या वक्ताला झाली. थंडी किती व्हती! दिवे लागले व्हते."

मी म्हटलं, मग तारीख चूक आहे. पत्रिकाही चूकच येणार.

"सरकारी कागदावर हाय ना? मग काम्पुटर तेच मानंल," अमरसिंग म्हणाले. "बाईमानसाच्या ध्यानाचं काय खरं?"

जिने जन्म दिला तिचं खरं नाही, गुरुजींचं खरं! वेळ मात्र आईची घेतली, दिवेलागणीची, म्हणजे संध्याकाळी सात. तारीख गुरुजींची, वेळ आईची. अशा वेळी पुजा जन्मलीच नाही आणि तिचे ग्रह मी काढणार.

तेवढ्यात वीज गेली. उद्या या म्हटलं. पुजा सगळा वेळ दाराशी उभी होती. जाताना एवढंच म्हणाली, "फार्म भरायचा ऱ्हायला, मॅडम." लग्न नको म्हणायची तिची हिंमत नाही. माझ्याकडे मात्र अशी बघत होती, जसं काही मी तहसीलदार आहे.

१५ जून

सकाळी वीज होती तेवढ्यात पत्रिका काढली. उत्तम आली! दोष एकही नाही, मुलाशी गुणही भरपूर जुळतात. म्हणजे लग्न पक्कं. कपाळ माझं.

मग वेळ बदलली. सातच्या जागी नऊ केले. मंगळ थेट पहिल्या घरात! अशी मुलगी नवऱ्याच्या जिवाला घातक, हे सॉफ्टवेअर स्वतःच ठळक अक्षरांत छापतं. मला लिहावं लागलं नाही.

तीच पाच पानं दुपारी अमरसिंगांच्या हातात ठेवली. वाईट वाटलं नाही. मुळात सगळं खोटंच होतं, त्यातलं एक खोटं पोरीच्या कामी आलं तर काय बिघडलं? पुजाला यातलं काही सांगितलेलं नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, आईने नुसतं डोळ्यांत बघितलं तरी सगळं ओकेल.

२१ जून

हट्ट्याहून नकार आला. मिराबाई दुकानात येऊन रडल्या. "माज्या लेकरानं कोणाचं काय वाकडं केलं व्हतं?" मी पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यांच्या तोंडाकडे बघवेना. अमरसिंग बाकावर बसले, म्हणाले, "आता हिला कोन करतंय? शिकू द्या. सोताच्या पायावर तरी उभी ऱ्हाईल."

फॉर्म तिथेच भरला. पुजाने सही केली. मी जिंकले! तरी जेवण गेलं नाही.

९ ऑगस्ट

पुजा नांदेडला गेली. जीपच्या टपावर पत्र्याची पेटी. मला आज पहिल्यांदा 'मॅडम' न म्हणता 'आपा' म्हणाली.

११ ऑक्टोबर २००५

खंडेनवमी. शिकायला येणाऱ्या पोरांनी कॉम्प्युटरची पूजा केली. कीबोर्डवर हळदकुंकू, वर नारळाचं पाणी! अब्बा दिवसभर एकेक बटण काढून पुसत होते. म्हणाले, "बेटा, मशीन को भी उपवास रखवा दिया इन लोगोंने." तरी ते हसत होते. मला हसू आलं नाही. नवीन कीबोर्ड हिंगोलीहून आणावा लागणार.

१ जून २००६

ऑर्कुटवर आज माझ्या निम्म्या मित्रयादीचा वाढदिवस! ते बिचारं अमेरिकेतलं मशीन चक्रावलं असेल. मलाही शुभेच्छा आल्या. पुजाची ईमेल आली, रोमन अक्षरांतलं मराठी: वॉर्डात ड्यूटी लागली, पहिल्यांदा सुई टोचली, पेशंटच्या आधी मीच डोळे मिटले. दोनदा वाचली. अब्बांनाही वाचून दाखवली.

१७ ऑगस्ट

ठाण्यातून जमादार आले. कोण येतं, किती वेळ बसतं, काय बघतं, सगळं लिहून ठेवा म्हणे. नाव लिहीन, म्हटलं. काय बघतात ते लिहायचं तर दरेकाच्या मागे उभं राहावं लागेल, आणि मग उद्या येणार कोण? त्यांनी डोकं खाजवलं. जाताना मुलाची पत्रिका काढून नेली. तारीख विचारायची गरजच नव्हती.

५ मार्च २००७

होळीला पुजा तांड्यावर आलीय. दुपारी दुकानात आली. गालावर रंग, हातात घड्याळ, बोलणं आता ठसठशीत. खूप आनंद झाला! तासाभराने सांगितलं — तिच्याच दवाखान्यात जगन म्हणून मुलगा आहे, लॅबमध्ये रक्त तपासतो, साखऱ्याच्या तांड्यावरचा. कूळ जुळतं, घरचे तयार, पत्रिकेचं नावही काढलेलं नाही. त्याने लग्नाचं विचारलं.

"मग?"

"न्हाई म्हनले."

"काहून?"

"मला मंगळ हाय ना, आपा. त्याचं काही बरंवाईट झालं तर?"

मी सगळं सांगून टाकलं. वेळ मी बदलली, मंगळ मी घातला, तुला शिकता यावं म्हणून. तिने माझा हात हातात घेतला, पेशंटचा घेतात तसा.

"तुमी मनाच्या लई चांगल्या. मला बरं वाटावं म्हनून बोलून राहिल्या. पन मी तुमीच सांगितल्यावानी केलं, आपा. कोनाचं ऐकलं न्हाई. सोता नेटवर शोधलं. शेकड्यानं पानं हायेत. इंग्लिशमधी बी! डाक्टर लोकांनी लिवलेलं हाय."

इंटरनेट सगळ्यांसाठी मोकळं असावं म्हणून मी गावभर भांडले. ते मोकळं आहेच. तिथे बोलायला मूर्ख आधी येऊन बसले होते, एवढंच.

६ मार्च

तिला पुन्हा बोलावून घेतलं. मंगळावरचा फोटो दाखवला. हे बघ, नुसते दगड आहेत.

"दगड लांबून बी लागतो की," ती म्हणाली.

मग सॉफ्टवेअर उघडलं. नऊचे सात केले. तिच्या डोळ्यांदेखत मंगळ पहिल्या घरातून उठून दुसरीकडे जाऊन बसला. बघ! ती म्हणाली, "आता बदललंत ना तुमी." म्हणजे पहिलं छापलेलं खरं, आणि आज मी दाखवते ते प्रेमापोटी केलेलं खोटं. मी चिडले, ओरडले. नर्स झालीस ना तू! रोज माणसं मरताना बघतेस, त्यांच्या बायकांच्या पत्रिका तपासतेस का? ती रडायला लागली. "बघते आपा. मनात इचार येतोच."

ती गेल्यावर शटर ओढून घेतलं. तिला दवाखाना मी मिळवून दिला म्हणून मिरवत होते. ही भीतीही मीच दिली आणि आता ती मला परत घेता येईना. थकले मी.

१९ मार्च

आज जगन आला. उंच, सावळा, चपला बाहेर काढून आत. मी त्याला खरं सांगायला सुरुवात केली तर मध्येच म्हणाला, "ठाऊक हाय मॅडम, पुजानं सांगितलं तुमी काय म्हनलात ते. माजा तुमच्यावर इश्वास हाय. पन तिचा न्हाई, त्याचं काय करता? मला बी मंगळ द्या."

"तुम्हाला कशाला?" मी विचारलं.

"तिनंच नेटवर वाचलंय. दोघांला मंगळ असला की दोष उडतो."

"तुमची जन्मतारीख?"

"एक जून," म्हणाला आणि हसला. मीही हसले, किती दिवसांनी! वेळ त्याला माहीतच नव्हती, त्यामुळे काम सोपं झालं. हवा तसा, जाडजूड मंगळ काढून दिला. खोटं मोडायला खरं उपयोगी पडलं नाही. शेवटी दुसरं खोटंच लागलं. फिजिक्समध्ये हे शिकवलं नव्हतं.

१३ मे २००८

पुजाचं लग्न! तांड्यावर सगळ्या बायका नाचल्या, मलाही ओढलं. मिराबाईंनी माझ्या तोंडात लापशीचा घास कोंबला. पुजा मोकळेपणाने हसत होती. जगनने माझ्याकडे बघून डोळे मिचकावले. अब्बा म्हणाले, "तेरे मंगल ने घर बसा दिया." म्हणाले तर म्हणाले. पोरगी सुखात आहे.

२७ नोव्हेंबर

सकाळी पुजाचा फोन. सेनगावच्या वळणावर जगनची जीप उलटली. हात मोडलाय, डोक्याला टाके. शुद्धीवर आहे, जिवाला धोका नाही.

फोन ठेवला आणि मनात पहिलं आलं ते जसंच्या तसं लिहिते — याचा मंगळ खोटा होता, म्हणून तिचा लागला.

तिचाही मीच घातला होता, हे आठवायला मला दुपार झाली.