सॅम्पलच्या बाटलीतले बाबा

आष्टा,
रविवार, ११ मे २०२५

ती. गोदाआत्या,

साष्टांग नमस्कार. एवढं आईला विचारून लिहिलं. पुढचं माझं मी लिहितेय, चुकलं तर सांभाळून घे. इंग्लिश मीडियमची आहे, मराठी बोलते भरपूर, पण लिहायची वेळ येत नाही. तुला 'तू' म्हणावं की 'तुम्ही', यातच सकाळ गेली. आजी होती तेव्हा 'तू' म्हणायचे, तेच ठेवलंय.

तुझा गुडघा कसा आहे? आमचा फोन तू उचलत नाहीस, त्यामुळे सौमित्रदादाकडूनच तुझं कळतं. तो म्हणाला, आता आई जिना चढते. आमची आई बरी आहे. लोणच्याच्या कैऱ्या आणून ठेवल्यात, फोडायला कुणी घेत नाही. ते काम बाबांचं होतं.

मी एका जागी बसत नाहीये. एम.एस्सी.ची परीक्षा झाली, रिझल्ट यायचाय. स्कूटर काढते, कारखान्यापर्यंत जाते, गेटवरून परत येते. पाच जूनला तिथे पर्यावरण दिन आहे, या वर्षी बाबांच्या आठवणीत करणार आहेत. मुख्य भाषण मी करायचंय. मी लगेच हो म्हटलं. आता लिहायला बसते आणि एका ठिकाणी अडकते. ते ठिकाण कुठलं ते सांगते, पण जरा थांब.

तू बाबांना कारखान्यात कधी पाहिलं नाहीस ना? 'पर्यावरण व्यवस्थापक' म्हणजे काय ते निम्म्या आष्ट्याला कळायचं नाही. कारखान्याचं सगळं घाण पाणी साफ होऊन शेवटी एका तळ्यात यायचं, त्या तळ्यात बाबांनी मासे सोडले होते. मासे जगले तर पाणी बाहेर जाईल, नाहीतर नाही. कामगार त्यांना मासेवाले साहेब म्हणायचे. एकदा ऐन सीझनमध्ये पाण्याला वास आला. बाबांनी बाहेरचा व्हॉल्व्ह बंद केला आणि तिथेच खुर्ची टाकून डबा उघडून बसले. वरून फोन आला, "देशपांडे, माल तुंबतोय इकडे." बाबा म्हणाले, "साहेब, मी जेवतोय." दुरुस्ती होईपर्यंत त्यांचं जेवण संपलं नाही. घरीसुद्धा आमटी आधी हुंगायचे. आई म्हणायची, "जेवायला वाढलंय, तपासायला नाही."

लोकांना ते आवडायचे आत्या, खरंच. म्हणून तर लोकांनी त्यांचं ऐकलं. रक्षा नदीत सोडू नका, शेतात नाहीतर रस्त्याकडेला खड्डा काढा, रक्षा घाला, वर झाड लावा. हे सांगत ते घरोघर जायचे, सावडायच्या दिवशी स्वतः रोप घेऊन उभे राहायचे. कारखान्याच्या रस्त्याला आता जांभळाची नि करंजाची रांग आहे, प्रत्येक झाड कुणाचं तरी आई किंवा बाप आहे.

आणि त्यातलं पहिलं झाड आजीचं. ते तुला मी काय सांगणार. तू वाईहून एसटीने येत होतीस, आजीला कृष्णेत सोडायचं म्हणून. बाबा थांबले नाहीत. तू आलीस तेव्हा माती ओढून झाली होती. तू म्हणालीस, "अनंता, आई माझीपण होती," आणि तशीच परत गेलीस. मी शाळेत होते, मला वाटलं आत्या जुन्या विचारांची आहे. त्या वर्षी मी 'माय फादर' वर बोलून पहिला नंबर काढला होता. त्यात तूपण होतीस, नाव न घेता. लोक हसले होते.

मार्चमध्ये बाबा गेले तेव्हा तू आलीस, त्यांच्या पायांशी बसलीस, आणि पाणीसुद्धा न घेता गाडी पकडलीस. तिसऱ्या दिवशी तू नव्हतीस. अख्खा रस्ता माणसांनी भरला होता. आजीच्या झाडाशेजारी खड्डा तयार होता. मी बाबांना त्यात घातलं, वर जांभूळ लावलं. सगळ्यांनी फोटो काढले.

सगळे बाबा नाही घातले, आत्या. एक मूठ मी बाजूला काढली. त्यांच्या बॅगेत सॅम्पल घ्यायची नवी बाटली होती, तिच्यात भरली. ती माझ्या कपाटात आहे.

कारण मिरजेच्या दवाखान्यात एका दुपारी आई डबा आणायला गेली होती, तेव्हा ते म्हणाले, "नंदे, मला वाईला ने. घाटावर." मी म्हटलं, बरे झालात की जाऊ. म्हणाले, "तेव्हा नाही गं. नंतर. झाडबिड नको मला, पाण्यात सोड."

मी काय केलं असेल? मी त्यांना समजावलं. त्या अवस्थेत. रक्षेने पाण्यात काय वाढतं, नदीचा फ्लो उन्हाळ्यात किती कमी असतो, सगळं त्यांचंच त्यांना ऐकवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पाठ छान केलंस." आणि कुशीवर वळले.

भाषणात मी इथेच अडकते. एका मुठीने कृष्णा बिघडत नाही, हे मला कळतं. पण प्रत्येक जण हेच म्हणतो, असं बाबाच सांगायचे. गुपचूप सोडून आले तर त्या रस्त्यावरच्या सगळ्या घरांना फसवलं. नाही सोडलं तर बाबांना. शेवटी मागच्या आठवड्यात लालासाहेबकाकांकडे गेले. ते मिलिटरीतून रिटायर झालेत, बाबांचे जिवलग. साळूबाई म्हणजे त्यांची आई, तिचं झाड रांगेत दुसरं आहे. त्यांना सगळं सांगितलं. ते उसाला पाणी पाजत होते. खोरं तसंच हातात धरून उभे राहिले.

"आमची म्हातारी जाताना म्हनली हुती, लाला, मला नदीला न्ये. तुज्या बापानं दोन तास माजी समजूत घातली. मी आयकलं. आन आता त्यो सोता नदीला चाललाय व्हय?"

काकांनी खोरं खाली टेकवलं.

"आता आईला मी काय सांगू, गं? तूच सांग."

मी म्हटलं, "काका, मग नको नेऊ?"

"न्ये की. मरत्या मानसाचं एकदा मोडलं म्या, तू नगो मोडू. पर लपून जाऊ नगो. भाषनात सांग समद्यांना." मग बांध फोडायला वळले आणि पाठमोरेच म्हणाले, "झाडाला पानी घालीन मी त्याच्या. पर थोडं दिस माज्याशी बोलू नगो."

घरी येऊन आईला सांगितलं. मला वाटलं, ती रडेल. ती म्हणाली, "तुला सांगितलं, मला का नाही सांगितलं?" दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मग भाकरी थापता थापता म्हणाली, "जाऊ या. पण वन्संना विचारल्याशिवाय मी घाटाची पायरी उतरणार नाही. त्यांच्या आईच्या वेळी कुणी विचारलं नाही त्यांना. मीपण नाही." म्हणून हे पत्र.

भाषणात मी सांगणार आहे. लोक काय म्हणतील माहीत नाही. काही जण हसतील, काही जण माझ्याशी लालासाहेबकाकांसारखे वागतील. झाडं लावा हे मी तरीही सांगणार, कारण ते खरंच आहे. पण कुणाच्या दारात दोन तास बसून नाही सांगणार.

एक राहिलं. मुद्दाम ठेवलं होतं शेवटी. कुशीवर वळल्यावर बाबा भिंतीकडे बघून आणखी एक बोलले. ते मी आईलाही सांगितलेलं नाही, काकांनाही नाही, ते त्यांचं नव्हतंच. म्हणाले, "ताईला म्हणावं, थांबायला हवं होतं मी."

झाड लावायला नको होतं, असं नाही म्हणाले. थांबायला हवं होतं, एवढंच.

मी आणि आई २५ तारखेला, रविवारी, सकाळच्या गाडीने वाईला येतोय. तुझ्या दारात येणार नाही, तुला अवघड नको. गणपती घाटावर वरच्या पायरीवर बसू. तू आलीस तर तूच सोड त्यांना. नाही आलीस तर संध्याकाळी बाटली घेऊन परत जाऊ आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊ. पाऊस लागला तरी येऊ. तुझ्याशिवाय उरकणार नाही.

उत्तर पाठवायची घाई करू नकोस.

तुझ्या धाकट्या भावाची,
स्वानंदी