पहिल्या ओळीतला कोरा रकाना

बाबा, आज तुमच्यावर चिडून लिहायला बसले आहे. तुम्ही होतात तेव्हा चिडायची सोय नव्हती, आणि गेल्यावर लोकांनी चिडू दिलं नाही. चर्चच्या मंडळीतलं कुणी ना कुणी अजून म्हणतं, तुझ्या वडिलांसारखा माणूस नाही, गरिबांसाठी सरकारशी भांडला. मी हसते, चहा पुढे करते आणि आतल्या आत माझं डोकं फिरतं.

पिंपरीच्या चाळीत आपल्या शेजारी एक बौद्ध कुटुंब होतं. त्यांची मुलगी आणि मी एका बाकावर बसायचो. तिचे आजोबा आणि माझे आजोबा, दोघंही नगरकडचे, दोघंही गावाबाहेर राहिलेले. त्यांच्या घराने बुद्ध जवळ केला, आपल्या घराने येशू. राज्य सरकारनं त्यांच्या सवलती चालू ठेवल्या, आपल्याला त्या दिल्या नाहीत. अकरावीची मॅट्रिक झाली की ती शिष्यवृत्तीवर पुण्याच्या कॉलेजात जाणार हे ठरलेलं होतं. मग माझं काय, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही नुकतेच कंपनीतून आला होतात, कपड्यांना औषधांचा वास होता. तुम्ही म्हणालात, आपल्या लोकांनाही त्या सवलती मिळाव्यात असा कायदा राज्यानं करावा, म्हणून आपण सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज करू. मला तुमचा इतका अभिमान वाटला की मी जेवलेच नाही नीट.

मग दर रविवारी उपासना संपली की तुम्ही सायकल काढता. मी मागे कॅरिअरवर, मांडीवर फुलस्केप कागदांचा गठ्ठा. आकुर्डी, चिंचवड, कधी एसटीने चाकण. कागदावर रकाने तुम्हीच आखलेले: नाव, गाव, काम, पूर्वीची जात, सही. चर्चचे पाळकसाहेब त्या चौथ्या रकान्यावर नाराज होतात, देवाच्या घरात जात लिहायची नाही म्हणतात. तुम्ही ऐकत नाही. चाकणच्या खाणीवर खडी फोडणारी एक म्हातारी तर कागद हातात घ्यायलाच तयार नाही. ती म्हणते, "ती जात टाकाया आमी बाप्तिस्मा घ्येतला. आन् तुमी परत लिवाया लावता व्हय?"

तुम्ही तिच्यासमोर मातीत उकिडवे बसलात. "मावशी, आपण सोसलं ते सांगितलं नाही तर सरकारला कळणार कसं? लाज त्यांनी धरायची, आपण नाही."

तिने हातोडा खाली ठेवला. मग अंगठा पदराला पुसून म्हणाली, "लिवा मग. मांग लिवा. आन् ठळक लिवा." मीच लिहिलं ते. तिच्या अंगठ्याला शाई लावताना तुमचे डोळे भरून आले होते, मी पाहिलं.

शेवटी सह्या-अंगठ्यांच्या कागदांना वर जोडायची नीट यादी उतरवून काढायचं काम माझ्याकडे आलं. आई स्टोव्हपाशी भाकरी थापत होती आणि मी जमिनीवर पालथी पडून लिहीत होते. पहिली ओळ मुख्य अर्जदाराची, म्हणजे तुमची. नाव लिहिलं, गाव लिहिलं, कंपनी लिहिली आणि विचारलं, बाबा, आपली कुठली लिहू? तुम्ही माझ्या हातातून पेन ओढून घेतलंत. "माझ्या ओळीला हात लावायचा नाही. मी लिहीन." त्या आवाजात तुम्ही माझ्याशी आधी कधी बोलला नव्हता, नंतरही नाही. आईची भाकरी करपली.

अर्ज मुंबईला गेला. शेजारची मैत्रीण ट्रंक घेऊन पुण्याला गेली, आणि मी बाटल्यांना लेबलं लावायच्या कामाला लागले. वर्षानुवर्षं तुम्ही उपासनेनंतर उभे राहून सांगत राहिलात, विचार चालू आहे, धीर धरा, प्रार्थना करा. लोक करायचे. गुडघे टेकून मीही केली. किती प्रार्थना केल्या असतील आम्ही, बाबा, तुमच्या ट्रंकेत पडलेल्या कागदांसाठी!

तुम्ही गेलात त्या सकाळी मी तुमचा पांढरा सदरा शोधत होते. ट्रंकेत सदऱ्यांच्या खाली मुंबईहून परत आलेला तो गठ्ठा निघाला. वर टाचणीने लावलेली मुंबईच्या कचेरीची, अर्ज गेला त्याच वर्षीची चिठ्ठी: पहिल्या अर्जदाराचा चौथा रकाना कोरा आहे, भरून अर्ज पुन्हा सादर करावा. बस्स, एवढंच. एक शब्द लिहायचा होता. शेकडो माणसांना तुम्ही तो लिहायला लावलात, समजावून, हातापाया पडून, आणि स्वतःच्या ओळीत तुमचा हात चालला नाही. कँटीनमध्ये ज्यांच्याबरोबर एका टेबलावर डबा खायचात त्यांना कळेल, ही भीती होती ना? मला कळते ती भीती. पण त्या म्हातारीला कुठलं कँटीन होतं? तिला काय कमी भीती वाटली होती? माझं कॉलेज गेलं ते एक वेळ सोडा. तो कायदा झाला असता की नाही, देव जाणे. पण नाही झाला असता तर तो सरकारनं नाकारला असता, तुम्ही नाही. याची माफी मी तुम्हाला अजून दिलेली नाही.

पत्र कुठे टाकायचं नाही म्हणून पुढचंही लिहून टाकते. त्या सकाळी गठ्ठा माझ्या हातात होता. तो पाळकसाहेबांना देता आला असता. पहिल्या ओळीवर काट मारून तिथे माझं नाव घालता आलं असतं, चौथ्या रकान्यासकट. बाहेर बायका रडत होत्या, तुमचं नाव घेत होत्या. आई आत आली आणि म्हणाली, शवपेटी बंद करायची आहे, आटप. मी तुमच्या पायावरची चादर सारखी केली आणि तिच्याखाली तो गठ्ठा सरकवला. तुमच्याबद्दल कुणाला कळू नये, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. त्या म्हातारीचा अंगठा मी तुमच्याबरोबर पुरला, बाबा. तीही माती द्यायला आली होती, माझ्या शेजारीच उभी होती.