बॅरिस्टरच्या गळ्यातला बिल्ला

भरे, ८ नोव्हेंबर
आजपासून बॅरिस्टरची सुरक्षा मी स्वतः हाती घेतली आहे. शेजारच्या हैबतरावांनी खतासाठी शेतात धनगरांची मेंढरं बसवली आहेत. अशा गर्दीत बॅरिस्टरसारखा कुत्रा हरवायला वेळ लागत नाही. पितळी बिल्ला करून आणला. एका बाजूला नाव, दुसऱ्या बाजूला माझा नंबर. कौस्तुभचा टाकला नाही. हिंजवडीत त्याला कामं असतात. फोन उचलायला होत नाही, आईचासुद्धा.

१० नोव्हेंबर
पिरंगुटला नेऊन मायक्रोचिप बसवली. डॉक्टर म्हणाले, कुत्रा कुठे आहे ते चिप सांगत नाही, कुणाचा ते सांगते. मी म्हटलं, तेवढं पुरे. कुठे जाणार?

११ नोव्हेंबर
ओळखीसाठी फोटो काढले. पाठीवर लाल डाग! घाबरले. (घाबरले नाही, दचकले.) रक्त नव्हे, रंग होता. कुंपणापलीकडून तानूबाई धनगरीण हसली. म्हणाली, मेंढरांना खुणा करत होतो, तर ह्योबी रांगंत उभा ऱ्हायला, मग लावली त्यालाबी. रोज दुपारी येतोय की आमचा बाब्या.
बाब्या! मी ठणकावलं, दुपारी तो माझ्या पलंगाखाली झोपतो.
साबणाने रंग गेला नाही.

१२ नोव्हेंबर, दुपार
पलंगाखाली पाहिलं. नाही. हवा खायला गेला असेल. उद्यापासून फाटकाला कडी.

१३ नोव्हेंबर
धनगर कोकणात निघाले. बरं झालं. कडी शाबूत, पण कुंपणाखाली उकरलेलं आहे. निरोप द्यायला गेला असणार. माझं वळण आहे.

१४ नोव्हेंबर
फोन नाही. चार्जिंग पूर्ण आहे.

१५ नोव्हेंबर
फोन वाजला! कौस्तुभ नव्हे. तानूबाईची सून करिष्मा, मुळशी धरणाजवळून. बिल्ला वाचला म्हणे. तुमचा वकील हितं हाय, न्या.
रिक्षा करून गेले. बॅरिस्टरने शेपूट हलवली, हात चाटला आणि मेंढरांमागे गेला. साखळी पिशवीतच राहिली. या वयात त्याला कोकणची हवा मानवेल.
तानूबाईने चहा दिला. विचारलं, बाई, घरी एकल्याच का काय? मी म्हटलं, छे, बॅरिस्टर असतो.

१६ नोव्हेंबर
बिल्ल्याची योजना शंभर टक्के यशस्वी. फक्त देखरेख हवी. करिष्माला बजावलं आहे, रोज संध्याकाळी फोन लावून नंबर चालू आहे का ते पाहत जा.
आज तिने लावला. मेंढरांचा आवाज येत होता. बराच वेळ बोललो.
नंबर चालू आहे.