शेवटचे दोन भाग आणि दाराची कडी

बाबा,

रागावू नका, आपल्या ड्रॅगनच्या मालिकेचे शेवटचे दोन भाग मी तुम्हाला सोडून बघितले. तुम्ही कामावर आणि मला दम धरवेना. शेवट घाईघाईत गुंडाळलाय. म्हातारा जादूगार तर मधूनच गायब! पण रुसून गेलेली राणी परत येते. घ्या, सांगून टाकलं. राजा माफीबिफी मागत नाही, भाषण ठोकत नाही. फक्त किल्ल्याच्या दाराचा अडसर काढतो आणि बाहेर कंदील टांगतो. मी उशीत तोंड खुपसून रडले.

आईनेही मावशीकडे बसून बघितलेत. "काय ती कार्टूनं बघत बसता बापलेक" म्हणणारी आपली आई! आज फोन करून माझ्याशी भांडली, की एवढी अक्कल यायला राजाला शेवटचा भाग का लागला? मग हळूच विचारलंन, "ह्यांनी बघितलं का गं?"

मी तिला आणायला चाललेय. येते असं म्हणाली नाही, पण मोठी बॅग उचलायला ये म्हणाली.

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घ्या. टीव्हीवर भाग लावून ठेवलाय. नेहमीसारखे "हा कोण, तो कोण" करत सोफ्यावर घोरलात तरी चालेल. फक्त जिन्यातला दिवा चालू ठेवा, आणि आज सवयीने आतून कडी लावू नका.

तुमची भोचक