उघडी झडप

जुनिपर बेंड कॅम्पग्राउंड, युटा
१२ जून

प्रिय लोरेट्टास,
स. न. वि. वि.

सुखरूप पोचले. ट्रेलर एकटीने ओढत आणला. वाटेत एका पेट्रोल पंपाचा खांब सोडला तर कुणाला धक्का लागला नाही, आणि खांबाची तक्रार नाही. या दरीत फोन लागत नाही हे तुला माहीत आहे, तेव्हा पत्रांवर भागव.

आता ऐक. आमच्या जागेवर, ओढ्याकाठच्या त्या कॉटनवुडच्या झाडाखाली, ड्वेन हॅलवर्सन बसला आहे. होय, माझ्या नवऱ्याबरोबर, स्टॅनबरोबर, मासे पकडायला जाणारा तोच. इथली रीत अशी की जुन्या माणसाची जागा वसंतापर्यंत कुणी मागायची नाही. स्टॅन गेल्यानंतर येतेय म्हणून कळवायचं माझ्याकडून राहून गेलं, तर शवपेटीला खांदा देताना ढसाढसा रडलेल्या या गृहस्थाने जागा स्वतःच्या नावावर करून घेतली. जन्मभर तंबूत झोपलेला माणूस, यंदा बसएवढं फिरतं घर घेऊन आलाय. झाडावरच्या ज्या खुंटीला स्टॅन कंदील लावायचा, तिथे याने लाल मिरच्यांच्या आकाराचे प्लॅस्टिकचे दिवे टांगलेत. मला जागा मिळाली ती सार्वजनिक न्हाणीघरामागे, भर उन्हात. मला पाहून म्हणाला की बर्नी, तू आलीस होय, आम्हाला वाटलं नव्हतं. वाटलं नव्हतं म्हणे.

पण देव आहे. ड्वेनने संडासाच्या टाकीचा पाइप गटाराला जोडला आणि झडप सताड उघडी ठेवली. घरातल्यासारखं आपोआप वाहून जाईल असं त्याला वाटतं. जात नाही. पाणी तेवढं जातं, बाकीचा ऐवज मागे राहतो, वाळतो, आणि त्याचा दगड होतो. झडप बंद ठेवायची आणि टाकी भरली की एकदम सोडायची, हे स्टॅनने मला पहिल्याच उन्हाळ्यात पढवलं होतं. नवखा चुकला तर शेजाऱ्याने जाऊन सांगावं, अशीही इथली रीत आहे. पण पाइपची ती बाजू ओढ्याकडे आहे, आणि ओढ्याकाठी सकाळी फिरते ती मी एकटी. शाळेत सिस्टर पर्पेचुआ सांगायच्या की विचारल्याशिवाय बोलू नये. मी आज्ञाधारक मुलगी आहे.

लोभ आहेच. ड्वेनची दया आली तर ती तुझ्यापाशीच ठेव.

तुझी,
बर्नडेट


डुलुथ, मिनेसोटा
२० जून

प्रिय बर्नीस,
स. न. वि. वि.

पत्र वाचून हसले आणि मग खिडकी उघडली. अगं, सांगून टाक त्याला. बिचारा ड्वेन लबाड नाही, बावळट आहे. कुणी काहीतरी सांगितलं असेल आणि त्याने ते खरं मानलं असेल. तू उगीच मनाला लावून घेतेस. आणि त्याच्या बायकोचं, मार्लीनचं काय चुकलं? तिने तुला अंत्यविधीला बटाट्याचं ते भलंमोठं कॅसरोल आणून दिलं होतं. अर्ध्याहून जास्त तूच खाल्लंस.

इतकं ऊन आहे तर हट्ट कशाला? ट्रेलर तिथेच विकून टाक आणि बहिणीकडे, माझ्याकडे ये. मागच्या खोलीला निळे पडदे लावलेत. गुडघ्याला मलम लावतेस की नाही?

लोभ असावा, आणि राग असलाच तर तो जेवणानंतर असावा.

तुझी,
लोरेट्टा


जुनिपर बेंड
५ जुलै

प्रिय लोरेट्टास,
स. न. वि. वि.

झालं एकदाचं. आणि मुहूर्त काय लागला, काल, चार जुलैला, स्वातंत्र्यदिनी. कॅम्पमधली सगळी बिऱ्हाडं आपापली भांडी घेऊन लांब टेबलांवर जमली होती. ड्वेनची मुलगी, जावई, नातवंडं आलेली. कणसं, बीन्स, टरबूज खाऊन सगळी पोरं आजोबांच्या नव्या संडासाचा लाभ घ्यायला पळाली, आणि थोड्याच वेळात किंचाळत परत आली. भरलेलं ते वर आलं होतं.

पुढचा तमाशा मी सावलीत खुर्ची टाकून पाहिला. ड्वेन पोटावर झोपून काठीने खुपसत होता. भोवती डझनभर पुरुष, प्रत्येकाच्या हातात बिअर आणि तोंडात सल्ला. एक म्हणाला बर्फ टाक, दुसरा म्हणाला उकळतं पाणी टाक, तिसरा म्हणाला गाडीच विक. वारा ओढ्याकडून होता, त्यामुळे त्या वासात शेवटच्या टेबलापर्यंत कुणाचा पाय टिकला नाही. मी मात्र टरबुजाची दुसरी फोड घेतली.

मग ड्वेन उठला, तसाच माखलेला, आणि माझ्यापुढे येऊन उभा राहिला. विचारलं की बर्नी, स्टॅन ही झडप कशी ठेवायचा. मी सांगितलं की बंद. त्याने हातातली काठी खाली टाकली. म्हणाला की तू रोज सकाळी इथूनच जातेस. मी म्हटलं की हो, पण तू आज विचारलंस.

या वाक्याची मी तीन आठवडे वाट पाहिली होती, लोरेट्टा. ते तोंडातून निघतंय तोवर मार्लीन मध्ये आली आणि तिने माझा घासच काढून घेतला. म्हणाली की आम्ही मार्चमध्ये तुझ्या घरी फोन केले, तू उचलले नाहीस, म्हणून तुझ्या बहिणीला विचारलं. बहीण म्हणाली की बर्नी आता कधीच येणार नाही, ट्रेलर विकायला काढलाय, जागा खुशाल घ्या. स्टॅनची जागा परक्याला जायला नको म्हणून ड्वेनने ती घेतली.

मी हे खोटं मानायला तयार आहे. तसं लिही.

बर्नडेट


डुलुथ
१३ जुलै

ती. बर्नीस,
शि. सा. न. वि. वि.

खोटं नाही. मी सांगितलं तसं, आणि पुन्हा वेळ आली तर पुन्हा सांगेन. स्टॅन गेल्यापासून तू फोन उचलत नव्हतीस, गुडघा धरून जिने चढत होतीस, आणि तरीही तो ट्रेलर डोंगरातून एकटीने ओढणार होतीस. पेट्रोल पंपाचा खांब तू विनोद म्हणून लिहिलास. मला त्या रात्री झोप आली नाही. जागाच नसेल तर तू जाणार नाहीस, असा माझा हिशेब होता. मग तू इकडे येशील. ते पडदे मी फेब्रुवारीतच लावले होते, बर्नी.

ड्वेनला शिव्या बसल्या त्या माझ्या वाट्याच्या होत्या, हे कबूल. काय करायचं ते कर. पण पत्र लिही.

लोभाचा विषय तूच काढशील तेव्हा.

तुझी,
लोरेट्टा


जुनिपर बेंड
२२ जुलै

लोरेट्टास,

मायना गाळला आहे तो विसरून नाही.

ड्वेन टाकी बदलायला गाडी शहरात घेऊन गेला. जाण्याआधी त्याने मिरच्यांचे दिवे उतरवले आणि व्यवस्थापकाला सांगितलं की जागा बर्नीची आहे. मग माझा ट्रेलर कॉटनवुडखाली मागे घेताना पाठीमागे उभा राहून हातांनी खुणा करत होता, डावीकडे, थोडं अजून, बस, अगदी स्टॅन करायचा तशा. झाडाला धक्का लागला नाही. मी त्याची माफी मागितली नाही. त्याला दोन ट्राउट मासे तळून दिले, त्यातून त्याला समजायचं ते समजलं असावं. मार्लीनला काही समजलेलं नाही. तिने माशांचं माझं भांडं अजून परत केलेलं नाही.

आता तुझं. सिस्टर पर्पेचुआ आठवतात? पेरूचा जॅम तू चोरलास आणि नाव माझं सांगितलंस तेव्हा त्यांनी तुला क्षमा केली होती, पण क्षमा शेवटी. आधी महिनाभर वसतिगृहाचे संडास धुवायला लावले. मला ती पद्धत तेव्हाही आवडली होती.

तुझ्या निळ्या पडद्यांमागे मी राहणार नाही. तूच इकडे ये. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात गावापर्यंत बस येते, मी घ्यायला येईन, आणि हो, मीच चालवीन. जेवणाचं टेबल मोडून होतो त्या पलंगावर तू झोपशील. तो करकरतो. सकाळी ओढ्याकाठी बरोबर फिरू, माझा गुडघा कसा चालतो ते तू बघ.

स्टॅनच्या खुंटीवर कंदील पुन्हा लावलाय. त्याच्या शेजारी स्टॅनचे कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे टांगलेत. टाकी रिकामी करायचं काम त्याने मला कधी करू दिलं नाही, आणि तो गेल्यापासून मी एकटीच करते. तुझ्या हातांना ते मोठे होतील.

झडप बंद आहे. टाकी तू येईपर्यंत भरू देतेय.

तुझी,
बर्नी