नुसत्या तेलाची प्लेट

बाई, आज मी प्रयोगशाळेत तेलाच्या बाटल्या फोडल्या. हातून पडल्या नाहीत, फोडल्या. वारज्याला घरी येऊन पुन्हा पुन्हा हात धुतले, तरी गवती चहाचा वास जात नाही आणि काचेनं चिरलेलं बोट झोंबतंय. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली. पण हे समजेल असं दुसरं कोणी नाही, म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

वाघोलीच्या कॉलेजात मी अजून शिकवते. माझी एक विद्यार्थिनी गवती चहाच्या तेलानं विषाणू मरतो का, ते तपासते आहे. विषाणू ओठांवर फोड आणणारा. प्लास्टिकच्या प्लेटमध्ये पेशी वाढवायच्या, त्यांना विषाणूची लागण करायची, वर तेल घालायचं. मागच्या आठवड्यात ती हसत आली. "मॅडम, सगळीकडे विषाणू साफ." मी विचारलं, "विषाणू न घालता नुसतं तेल पेशींवर टाकून पाहिलंस?" म्हणाली, "नाही. तेल नॅचरल आहे ना मॅडम, ते पेशींना काय करणार?"

इंग्रजी शब्द सोडला तर वाक्य माझंच, तुमच्या हाताखाली शिकत असतानाचं. मी तुमच्यासमोर उभी आहे, हातात निलगिरीच्या तेलाचे निकाल, तोंडभर हसू. तुम्ही कसबा पेठेतून उन्हात चालत आलेल्या, कपाळावर घाम. माझं हेच उत्तर तुम्ही ऐकता. माझी वेणी मनगटाभोवती गुंडाळता आणि माझं तोंड मायक्रोस्कोपवर आपटता. भुवई फुटते. भिंगाखाली नुसत्या तेलाची प्लेट आहे. मी केली नव्हती, आदल्या दिवशी तुम्हीच लावून ठेवली होती. "बघ. काय मेलंय?" वेणी सोडत नाही तुम्ही. डोळ्यात उतरणाऱ्या रक्तातून मला दिसतं, पेशी आकसून गोळा झाल्यात, तळापासून सुटून तरंगताहेत. तेलानं त्यांची सालं फाडली आहेत. विषाणूला वाढायला जिवंत पेशीच उरली नाही, म्हणून तो दिसत नव्हता. "पेशी," मी म्हणते. "हे उद्या कुणाच्या तरी पोटात जाणार आहे," तुम्ही म्हणता, माझ्या हातात कापसाचा बोळा कोंबता आणि पुढच्या तासाला निघून जाता.

मागच्या आठवड्यात माझाही हात त्या मुलीच्या वेणीपर्यंत गेला होता. तो मी ॲप्रनच्या खिशात घातला आणि म्हटलं, "जा, नुसत्या तेलाची प्लेट लाव." आज सकाळी तिनं ती पाहिली.  मग म्हणाली, "मॅडम, आपण पेशीच मारत होतो." तेच उत्तर, बाई. कुणाचं डोकं न फोडता. अगदी पातळ केलेल्या तेलात मात्र पेशी जगल्या होत्या आणि विषाणू थोडा कमी झाला होता. थोडाच. त्यातून कधी औषध निघेलही. आज ते औषध नाही.

पण पहिल्या निकालाची बातमी संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत आधीच गेली होती. आज ते तेल भरलेल्या बाटल्यांचं खोकं घेऊनच आले. "मॅडम, फोडांची साथ हाय. सोमवारपासनं बालवाडीतल्या पोरास्नी मधातनं दोन-दोन थेंब."

"अहो, हे तेल जिवंत पेशी मारतं. पोरांना प्यायला देऊ नका."

"झाडाचं हाय. झाड कुनाला मारतंय व्हय?"

"धोतराही झाडच आहे. आपण आधी घेऊन बघा."

ते हसले. "तुमी शिकवा. बाकीचं आमी बघतो." आणि खोकं उचलायला वाकले. मी ते त्यांच्या हातून ओढलं आणि फरशीवर आपटलं. ज्या शाबूत राहिल्या त्या एकेक करून भिंतीवर मारल्या. डोळ्यांतून पाणी येईल इतका वास. त्यांनी माझं मनगट पिरगळलं, तेव्हा दुसऱ्या हातातली बाटली मी त्यांच्या बोटांच्या पेरांवर हाणली. ते विव्हळले आणि मनगट सुटलं.

"उद्यापासनं यायचं नाही."

"येणार. प्लेट बघायच्या राहिल्यात."

तेवढ्यात त्या मुलीनं तेलाचा मोठा कॅन बेसिनमध्ये उलटा केला होता. सोमवारसाठी नव्या बाटल्या भरायला आता थेंब नाही.

ते गेल्यावर माझ्या बोटाला पट्टी बांधताना तिनं विचारलं, "मॅडम, भुवईवरची खूण कसली?" म्हटलं, "दार लागलं." तेव्हा आईलाही हेच सांगितलं होतं. खरं सांगितलं असतं तर ती म्हणाली असती, तुझ्या भल्यासाठीच मारलं असेल बाईंनी. आजवर मीही तसंच म्हणत आले. आज सकाळपासून म्हणता येत नाही.

हा कागद खणातच राहणार, म्हणून लिहून टाकते. बाटल्या फोडताना, त्यांच्या हातावर मारताना, पोरांचा विचार माझ्या मनात नव्हता. मला नुसतं फार बरं वाटत होतं. माझी वेणी धरलीत तेव्हा तुम्हालाही तसं वाटलं होतं का, एवढंच विचारायचं होतं.