तुमच्या पाटीवरचा कानडी अ

गुरुजी, देवापुढं दिवा लावून लिहायला बसलोय. उद्या सकाळी शाळेत बैठक आहे आणि तिथं मला हो किंवा नाही, एवढंच सांगायचं आहे. सीमाभागातल्या ज्या मराठी शाळेत तुम्ही हेडमास्तर होता, तिथंच आता मी आहे. पहिलीत एका सतरंजीवर मावतील एवढीच मुलं उरलीत. बाकीची पिवळ्या गाडीतून निपाणीच्या इंग्रजी शाळेत जातात. शिक्षण खात्याच्या साहेबांनी सांगितलंय, जूनपासून पहिलीला इंग्रजीचा वर्ग काढा, नाहीतर शाळा पलीकडच्या कानडी शाळेत मिसळू. शाळा कमिटीचा अध्यक्षही तुमच्याच हातचा, माझ्यामागं एक इयत्ता होता. काल देवळाच्या कट्ट्यावर सगळ्यांदेखत म्हणाला, "अण्णा, व्हय म्हणालास तर मराठी शाळा इकलास, न्हाय म्हणालास तर बुडीवलास. बस आता मधी." लोक हसले. मीही हसलो, आणि घरी येऊन जेवलो नाही.

आज दुपारी पहिलीतल्या एका मुलीची आई आली होती. विड्या वळून तिच्या बोटांना तंबाखूचा वास होता. दारातच उभी राहून म्हणाली, "म्या जलमभर इड्या वळल्या गुरुजी. पोरीनं का वळाव्या?" तिच्यापुढं मराठीचा अभिमान कुठल्या तोंडानं सांगू? आणि खरी गोष्ट अशी की इंग्रजी मलाच येत नाही. चिकोडीला इंग्रजीच्या ट्रेनिंगमध्ये मी मागं बसून मान हलवत होतो. शेजारी आमच्या शाळेतल्या नवीन बाई सहज बोलत होत्या. त्यांना काही विचारावं असं फार वाटलं, पण हेडमास्तरानं विचारायचं कसं?

तेव्हापासून मला तो दसरा आठवतोय. सरकारच्या हुकमानं आपल्या शाळेत कानडी सुरू झालं होतं आणि गाव चिडलं होतं. कानडी शिकवायला सदलग्याहून बाई आलत्या, त्यांना पाणीसुद्धा कुणी विचारत नव्हतं. पाटीपूजनाला आम्ही पोरं ओळीत बसलोय, पाट्यांवर हळदकुंकू, झेंडूची फुलं. मागं गाव उभं आहे. तुम्ही पूजा करता, आणि मग उठायचं सोडून आमच्याच ओळीत मांडी घालून बसता. पुढं कोरी पाटी. त्या बाईंना म्हणता, "आक्का, माझा हात धरा. मला कानडी अ काढायला शिकवा." मागून कुणीतरी टोमणा मारतं, "गुरुजी, म्हातारपणी बालवाडीत बसलासा व्हय?" तुम्ही मान न वळवता सांगता, "पोरास्नी भ्या वाटतंय रं. म्हून मी आदी भिऊन बघतो." बाई वाकतात, तुमच्या हातावर हात ठेवतात. अ वाकडाच येतो. तुम्ही पुसून पुन्हा काढता. त्या संध्याकाळी बाईंच्या खोलीवर तीन घरांतून जेवणाची ताटं गेली.

पण गुरुजी, तुमचं वेगळं होतं. तुम्हाला एक भाषा जोडायची होती, हातातली सोडायची नव्हती. मला भीती आहे की इंग्रजीचा वर्ग निघाला की मराठीची सतरंजी हळूहळू कोपऱ्यात सरकेल आणि एक दिवस गुंडाळली जाईल. आणि ती गुंडाळणारे हात माझे असतील. नाही म्हटलं तर ती याच जूनला गुंडाळली जाईल. किती फिरलो तरी त्याच दोन भिंती लागतात. साहेब आदेश पाठवतात, ट्रेनिंगमध्ये पुस्तकं वाटतात, पण भ्यायचं कसं हे तुमच्याखेरीज मला कुणी शिकवलं नाही.

उद्या मी हो म्हणणार आहे. मराठीचा तास मी स्वतः घेईन, ही अट घालून. आणि तिथंच, अध्यक्षासमोर, नवीन बाईंना सांगेन की रोज शाळा सुटल्यावर मला इंग्रजी शिकवा. लोक हसतील. पाटी पिशवीत घालून ठेवलीय.

हे पत्र तुमच्या फोटोमागं ठेवतो, दुसरं कुठं ठेवणार. एकच सांगायचं राहिलं. त्या दसऱ्याची गोष्ट मी आजवर कितीदा तरी सांगितली, दरवेळी तुमच्या धीराची म्हणून. पण मी तुमच्या शेजारीच बसलो होतो. बाईंनी धरायच्या आधी तुमचा हात थरथरत होता, हे मी कुणालाच सांगितलं नाही. आज मला तेवढाच आधार आहे.